सिन्सच्या पाटीचा तपास

"ज्याच्या नजरेतून मुंगीच्या पायाचा ठसासुद्धा सुटत नाही, ज्याच्या नुसत्या खाकरण्याने अट्टल चोरांना घाम फुटतो, ज्याने वर्षानुवर्षं कारखान्याच्या फाटकावर उभं राहून माणसाच्या मनाचा आणि जेवणाच्या डब्याचा तळ पाहिला, तो सत्यशोधनाचा महामेरू निवृत्त झाला तेव्हा गुन्हेगारांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण हाय, त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, की खरा तपास आत्ता कुठे सुरू होत होता."

वरचा परिच्छेद आमच्या ह्यांचा आहे. "केस तू लिही, तुला वेळ असतो. पण सुरुवात मी सांगणार," असं म्हणून त्यांनी तो स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत सांगितला. मी भांडी घासता घासता ऐकला. 'महामेरू' दोनदा आला होता, त्यातला एक मी काढून टाकला. यापुढचं सगळं माझं आहे.

हे कारखान्याच्या फाटकावर होते, एवढं खरं. संध्याकाळी सुटणाऱ्या लोकांच्या पिशव्या आणि डबे उघडून बघायचे, हे त्यांचं काम. सगळ्या नोकरीत त्यांना एक पाना सापडला, तोही ज्याच्याकडे सापडला त्याने घरूनच आणलेला निघाला. पण सवय लागली ती लागलीच. बंद वस्तू दिसली की ह्यांचे हात शिवशिवतात. निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी दारावर 'खाजगी तपास, खात्रीशीर व गुप्त' असं रंगवून घेतलं. गुप्ततेचं म्हणाल तर आमच्या घरातल्या प्रत्येक केसची खडान्‌खडा माहिती समोरच्या इस्त्रीवाल्याला असते, कारण हे विचारसुद्धा मोठ्याने करतात. बाहेरची केस अजून एकही आलेली नाही. त्यामुळे सगळे गुन्हे घरातच घडतात, आणि गुन्हेगार म्हणून मी आणि सासूबाई आळीपाळीने काम करतो.

घडलेल्या गुन्ह्याचा मुद्देमाल एका पत्र्याच्या पेटीत जातो. पेटीला कुलूप आहे आणि किल्ली ह्यांच्या गळ्यात. आमची किसणी, माझी एक चप्पल आणि सासूबाईंची गरम पाण्याची पिशवी अशा कितीतरी वस्तू आजवर त्या पेटीत बंदिस्त झाल्या आहेत. तक्रार करावी तर ती ह्यांच्याकडेच नोंदवावी लागते, म्हणून आम्ही करत नाही.

आता माझं सांगते. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना दवाखान्यात फोन घ्यायला, पेशंटना वेळ द्यायला कोणीतरी हवं होतं. मी धीर करून विचारायला गेले. डॉक्टर सज्जन गृहस्थ. म्हणाले, "माझ्याकडे बाहेरच्या कंपन्यांतले लोक येतात. इंग्रजी बोलता आलं पाहिजे. शिकलात तर जरूर या." दुसऱ्याच दिवशी मी छापखान्यावरच्या खोलीत भरणाऱ्या इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं. या वयात शाळा, म्हणून गल्लीत हसले काही जण. हसोत बापडे.

वर्ग चालवणाऱ्या बाई कडक. त्यांची शिकवण्याची तऱ्हा जगावेगळी आहे. वाक्यं त्या फळ्यावर जोडत नाहीत, माणसांची जोडतात. एकाने अर्धं वाक्य बोलायचं, दुसऱ्याने दुसरं अर्धं, आणि मध्ये जोडणारा शब्द म्हणून तिसऱ्याने उभं राहायचं, गळ्यात त्या शब्दाची जाड निळी पाटी घालून. दोन्ही बाजूंची क्रियापदं बरोबर आली, तरच मधल्याने दोघांना हात द्यायचा. चुकली तर हात पाठीमागे. जोडणारे शब्द एकेकाला वर्षभरासाठी वाटून दिलेले, आणि वर्गात त्याच नावाने हाक मारायची. बेकरीवाले काका 'बिफोर', शिंपीदादा 'अनटिल' आणि मी 'सिन्स'.

सिन्सची गंमत अशी, की त्याच्या एका अंगाला कधीतरी घडून गेलेली गोष्ट असते आणि दुसऱ्या अंगाला तेव्हापासून आजपर्यंत चालत आलेली. चालत आलेलीला हॅव किंवा हॅज लागतं. माझं पाठ केलेलं वाक्य होतं, 'आय हॅव लिव्ड इन धिस हाउस सिन्स आय गॉट मॅरिड.' लग्न एकदाच झालं आणि संपलं, राहणं मात्र अजून चालूच आहे. हा फरक बाईंनी शिकवण्याआधीच मला पुरता कळलेला होता.

बाईंचा आणखी एक नियम म्हणजे पाटी घरी न्यायची, स्वयंपाकघरात टांगायची आणि येता-जाता तिच्याशी वाक्यं बोलायची. आणि पाटी हरवली, तर वर्षअखेरच्या कार्यक्रमात उभं राहायचं नाही. "ज्याला एक शब्द सांभाळता येत नाही, तो वाक्य काय सांभाळणार," असं त्या म्हणत. यंदाच्या कार्यक्रमाला पाहुणे होते दातांचे डॉक्टर. ज्याचं बोलणं आवडेल त्याला कामावर घेणार, हे त्यांनी बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं.

आणि कार्यक्रम आठवड्यावर आलेला असताना खुंटीवरून माझी पाटी गेली.

"पाटी गेली," मी म्हणाले.

वर्तमानपत्राआडून हे हळूहळू उगवले. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. "कोणीही कशालाही हात लावू नका."

"गॅसवर चहा आहे, उतू जाईल."

"जाऊ दे. उतू गेलेला चहासुद्धा तपासात बोलतो."

बोलला. पार ओट्याखालपर्यंत बोलला. पुसायला मीच होते.

मी सुचवलं की चांगला पुठ्ठा आणू, निळा रंग आणू, हुबेहूब दुसरी पाटी करू, बाईंना कळणारसुद्धा नाही. ह्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी जणू खोट्या नोटा छापायचं बोलले. "बनावट पुरावा? माझ्या घरात? आणि मी उद्या बाईंना शपथेवर काय सांगू?" शपथ घ्यायला कोणी बोलावलंय, असं विचारायचं तोंडावर आलं होतं, पण गिळलं. खरं तर ती फसवाफसवी मलाही बरी वाटत नव्हती.

मग ह्यांनी खुंटीसमोर गुडघे टेकले. भिंग डोळ्याला लावलं. भिंग म्हणजे सासूबाईंच्या जुन्या चष्म्याचा एक डोळा. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "खुंटी दाराच्या डाव्या बाजूला आहे. म्हणजे चोर डावखुरा."

"मी डावखुरी आहे."

"मला ठाऊक आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "म्हणून तर तुझ्यापासून मी ही गोष्ट लपवणार होतो."

पुढची पाळी सासूबाईंची. त्यांना खुर्चीत बसवून ह्यांनी समोर टेबललॅम्प लावला. भर दुपारी.

"आई, पाटी गेली त्या सकाळी तू कुठे होतीस?"

"घरात. मी जाणार कुठे?"

"साक्षीदार?"

"तूच की. तुला चहा कोणी दिला?"

"प्रश्न मी विचारतोय."

सासूबाईंनी दिव्याखाली त्यांना नीट न्याहाळलं. "बाळ, कॉलर उसवलीय तुझी. काढून ठेव, शिवून देते."

ह्यांनी कॉलर चाचपली आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "विषय बदलते आहे. अनुभवी दिसते." मग शर्ट काढून शिवायला दिला आणि उरलेला तपास बनियनवर केला.

घरात काही निष्पन्न होईना, तेव्हा ह्यांनी मोर्चा वर्गाकडे वळवला. मी परोपरीने सांगितलं, येऊ नका, तिथे मराठी बोलायची बंदी आहे. म्हणाले, "गुन्ह्याला भाषा नसते." असेलही. पण ह्यांच्या प्रश्नांना होती.

आल्या आल्या त्यांनी शिंपीदादांना कोपऱ्यात घेतलं. "पाटी गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही कुठे होता?"

शिंपीदादांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी भुवई उचलली. दादा बिचारे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "आय डिड नॉट क्लोज माय शॉप अनटिल दि लास्ट कस्टमर हॅड गॉन."

"काय म्हणतो हा?"

"शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत दुकान बंद केलं नाही म्हणतात," मी हळूच सांगितलं.

"आणि ते गिऱ्हाईक कोण होतं?"

"तुम्हीच," दादांना राहवलं नाही. "पँट सैल करायला आला होता." मराठी बोलल्याबद्दल त्यांना लगेच खिडकीपाशी उभं केलं गेलं.

बाईंना फुकट बसणारा माणूस खपत नाही. त्या दिवशी एक जण गैरहजर होता, म्हणून त्यांनी ह्यांना दंडाला धरून ओळीत उभं केलं. 'दि थीफ हॅड गॉन' एवढंच म्हणायचं होतं. बेकरीवाले काका मध्ये बिफोरची पाटी घालून उभे, पलीकडे एक मुलगी 'दि पोलीस केम' म्हणायला. ह्यांनी छाती फुगवली आणि छापखान्यात खाली ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दि थीफ हॅड गो."

काकांनी हात पाठीमागे नेले.

"दि थीफ हॅड गोइंग," हे म्हणाले आणि हात पुढे केला. काका एक पाऊल मागे सरकले. नियम तो नियम. पण ह्यांचे डोळे बारीक झाले. तिथून निघताना जिन्यातच मला म्हणाले, "सापडला. चोराबद्दल बोललो आणि माणूस हात द्यायला तयार नाही. तळव्याला घाम सुटला असणार."

"अहो, तुमचं क्रियापद चुकलं म्हणून..."

"चोर नेहमी क्रियापदामागे लपतो." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की घरी येईपर्यंत त्यांनी ते पुन्हा पुन्हा म्हटलं. मला अजून त्याचा अर्थ लागलेला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे हे बेकरीच्या मागच्या दाराशी दबा धरून बसले आणि परतले ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरेफटक. सासूबाई आधी दचकल्या, मग त्यांनी शांतपणे चादर झटकतात तसं त्यांना झटकलं. ह्यांचा निष्कर्ष असा, की पाव भट्टीत सरकवायला काकांना पातळ, रुंद, मजबूत वस्तू लागते आणि माझी पाटी नेमकी तशीच होती. खात्री करायला म्हणून त्यांनी भट्टीतून येणारा फळा ओढला. फळ्यावर तापलेले पाव होते. ते सगळे पिठाच्या पोत्यात गेले आणि पोतं ह्यांच्या अंगावर आलं.

काका भला माणूस. ह्यांना काही बोलले नाहीत, बाईंना बोलले. बाईंनी मला वर्गानंतर थांबवून घेतलं आणि पहिल्यांदाच मराठीत बोलल्या. "रविवारी कार्यक्रमाला पाटी नसेल तर तुम्ही समोर खुर्चीवर बसायचं. मला वाईट वाटतं. पण एकीला सूट दिली तर उद्या सगळे पाट्या हरवतील. आणि तुमच्या यजमानांना आवरा."

यजमानांना आवरणं मला जमलं असतं तर मला इंग्रजी शिकायची वेळच आली नसती. जिना उतरताना माझे डोळे भरून आले. महिनोन्‌महिने भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मी हॅव आणि हॅज घोकत होते. आणि आता मी खुर्चीवर बसून टाळ्या वाजवणार होते.

शनिवारी संध्याकाळी ह्यांनी मला आणि सासूबाईंना बैठकीच्या खोलीत बोलावलं. पडदे ओढले. हात मागे बांधून खोलीला प्रदक्षिणा घातली. टेबलाला गुडघा आपटला, तरी चेहरा हलला नाही.

"सगळ्या शक्यता वगळल्यावर जी उरते ती सत्य असते. बेकरीवाला वगळला. शिंपी वगळला. आई वगळली, कारण तिला इंग्रजी वाचता येत नाही, मग इंग्रजी पाटी ती कशाला चोरेल? उरलं कोण?" ते गर्रकन वळले. "तू. स्टेजवर उभं राहायची तुला भीती वाटते. म्हणून तूच पाटी लपवलीस आणि आळ जगावर घातलास."

मी हसले असते, पण एक शब्द खरा होता. भीती मला वाटत होती.

"भीती वाटते," मी म्हणाले. "रात्ररात्र वाटते. पण मला ते काम हवंय हो. सकाळी उठून नीटनेटकं होऊन कुठेतरी जायचंय मला. तिथे कोणीतरी मला 'तुम्ही' म्हणावं, काही विचारावं आणि मी उत्तर दिलं की त्यांचं काम व्हावं. घरात मला सगळे विचारतात ते एवढंच, की अमुक कुठे ठेवलंय."

हे उघड्या तोंडाने उभे राहिले. मग सासूबाई म्हणाल्या, "पाटी म्हणजे ती निळी, दोरीवाली?"

"हो, आई."

"ती होय. पेटीत आहे की."

त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या, आणि मुद्देमालाची पेटी कुलपासकट फिरवून तिची पाठ आमच्याकडे केली. मागच्या दोन्ही बिजागऱ्या कधीच निखळलेल्या होत्या. सासूबाईंनी झाकण मागच्या बाजूने उचललं, किसणी बाजूला केली, चप्पल बाजूला केली आणि तळातून माझी सिन्सची पाटी काढून माझ्या हातात दिली. गळ्यात किल्ली घातलेला गृहस्थ शेजारी उभा राहून हे बघत होता.

"आई, तू ही पेटी उघडतेस?"

"रोज. किसणी लागते ना. वापरते, धुते, परत ठेवते. रात्री गरम पाण्याची पिशवी काढते, सकाळी ठेवते. तुझा मुद्देमाल कमी व्हायला नको."

"मग पाटी दिसली तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तू मला विचारलंस मी कुठे होते. पाटी कुठे आहे ते कोणी विचारलं? आणि तुम्ही शोधताय ती हीच, हे मला काय माहीत? तुझ्या पेटीतली, मला वाटलं तूच ठेवलेली."

उलगडा व्हायला मग वेळ लागला नाही. त्या आठवड्यात डब्यातली बिस्किटं कमी होत होती. ह्यांनी पहाटे उठून डब्यापासून हात पोचेल तिथवरच्या सगळ्या वस्तू जप्त केल्या होत्या, त्याही डोळे मिटून. वस्तू बघितली की तपासणाऱ्याचं मन कलुषित होतं, असा त्यांचा सिद्धान्त आहे. डोळे मिटूनच त्यांनी प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवली, डोळे मिटूनच पेटीत टाकली. म्हणजे पाटी कोणी नेली हे ना चोराला माहीत होतं, ना गुप्तहेराला, आणि आमच्या घरी त्या दोघांसाठी एकच खुर्ची आहे.

"मला संशय होताच," हे म्हणाले. "आणि बिस्किटांचं काय?"

"ती मी खाल्ली," सासूबाई म्हणाल्या. "चहाबरोबर."

पाटी मिळाली, पण पाटीवरची चिठ्ठी निघेना. ह्यांचा डिंक मात्र खरोखर खात्रीशीर. पाणी लावावं तर रंग जाणार, खरवडावं तर शब्द जाणार. शेवटी रविवारी मी तशीच पाटी गळ्यात घालून स्टेजवर गेले. वर ठळक इंग्रजीत सिन्स आणि खाली मराठीत, 'संशयास्पद वस्तू. हात लावू नये.'

पहिल्या रांगेत बसलेल्या डॉक्टरांनी पुढे वाकून ते वाचलं. मग मोठ्याने वाचलं. सभागृहात आधी खसखस पिकली, मग हसण्याचा फवाराच उडाला. स्टेजवर मधल्याने आख्खं वाक्य एकट्याने बोलायचं आणि ते बरोबर आलं तर शेजारच्या दोघांनी हात धरायचा, असं ठरलेलं. माझ्या एका बाजूला बेकरीवाले काका, दुसऱ्या बाजूला शिंपीदादा, आणि माझं पाठ केलेलं वाक्य डोक्यातून पार उडालेलं. घर नाही, लग्न नाही, काहीच आठवेना. बाई पडद्याआडून हाताने खुणावत होत्या. समोर आमचे हे काळा चष्मा लावून बसले होते आणि वर्तमानपत्राला भोक पाडून त्यातून डॉक्टरांवर नजर ठेवून होते.

त्यांच्याकडे बघता बघता मला वाक्य सुचलं. कोणी पढवलेलं नव्हतं, माझं मलाच सुचलं.

"सिन्स माय हजबंड बिकेम अ डिटेक्टिव्ह," मी म्हणाले, "माय मदर-इन-लॉ हॅज फाउंड एव्हरीथिंग."

शिंपीदादांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी ओठांतल्या ओठांत बिकेम आणि हॅज फाउंड तपासलं आणि मान डोलावली. काकांनी माझा हात धरला, दादांनी दुसरा धरला, आणि मग जो काही हशा झाला त्यात डॉक्टरांचा चष्मा खाली पडला. सगळ्यांत जोरात टाळ्या ह्यांच्या. त्यांना वाटलं, हजबंड आणि डिटेक्टिव्ह एका वाक्यात आले म्हणजे गौरवच असणार.

कार्यक्रमानंतर डॉक्टर माझ्यापाशी आले. इंग्रजीत विचारलं, दाढ ठणकतेय म्हणून पेशंट फोनवर ओरडायला लागला तर काय कराल? मी इंग्रजीतच सांगितलं, मला सवय आहे, आमच्या घरी रोज उलटतपासणी होते. ते हसून मराठीत म्हणाले, "उद्यापासून या तुम्ही."

'तुम्ही' म्हणाले. मला इतका आनंद झाला, की मी पाटी गळ्यातून काढायचीच विसरले आणि तशीच घरी निघाले.

वाटेत ह्यांनी विचारलं, "ते वाक्य काय होतं?" मी जसं होतं तसं मराठीत सांगितलं, काही लपवलं नाही. चौकाशी आल्यावर ह्यांनी काळा चष्मा काढून खिशात ठेवला.

"म्हणजे लोक मला हसत होते."

"हो."

"वाक्य बरोबर होतं पण?"

"बाईंनी मान डोलावली."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि जरा वेळाने, "काकांना पावांचे पैसे नेऊन देतो उद्या. आणि किसणी काढून देतो आईला."

सोमवारी सकाळी मी आवरून निघाले, तेव्हा हे दारात उभे होते. मला वाटलं, आता पिशवी उघडून बघणार. सवयीने मी ती पुढेही केली. त्यांनी हात लावला नाही. जरा घसा खाकरून म्हणाले, "संध्याकाळी किती वाजता सुटशील?"

लग्न झाल्यापासून ह्यांनी मला किती प्रश्न विचारले असतील त्याला गणती नाही, आणि प्रत्येकाचं उत्तर आधीच त्यांच्याकडे तयार असायचं. या एका प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी ते सांगितलं, आणि त्यांनी ते मध्ये न बोलता ऐकून घेतलं.